वेल्श केकची अट

दीपाची अट साधी होती. डॅडीला मम्मीसारखे वेल्श केक करता आले, की ती मुकाट्यानं इंडियाला जाईल, लतिकाआत्याकडे राहील, तिथल्या शाळेत जाईल, दूधसुद्धा सायीसकट पिईल. पण केक जमले नाहीत, तर कुणीही, अगदी जगन्नाथकाकांनीही, तिला विमानात चढवायचं नाही. सहा वर्षांच्या पोरीच्या अटी असायच्या तशीच ही अट. एखाद्या शहाण्या बापानं "बरं बरं" म्हणून विषय बदलला असता. विनयनं मात्र तिच्याशी रीतसर हात मिळवून ती मान्य केली, कारण फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी हो म्हणणं हेच सगळ्यात कमी कष्टाचं होतं.

चार महिने तो सगळ्यालाच हो म्हणत होता. ऑक्टोबरात बेथन गेली. कॅन्सरनं सहा महिने घेतले. बेथन मूळची वेल्सची, नर्सची नोकरी धरून डेट्रॉइटला आलेली. विनय नागपूरहून एम.एस. करायला आला आणि पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरून पाय मोडून तिच्या वॉर्डात जाऊन पडला. मिशिगनच्या बर्फानं आपल्यावर एवढा एकच उपकार केला, असं तो पुढं मित्रांना सांगायचा. ती गेल्यावर हे सांगणं बंद झालं. शवपेटी विकणाऱ्यानं लाकूड कुठलं हवं असं विचारलं तेव्हा तो हो म्हणाला. त्या माणसानं पुन्हा विचारलं, तेव्हाही हो म्हणाला. चौथ्या दिवशी तो ऑफिसला गेला, ब्रेक तपासायच्या लॅबमध्ये आठ तास उभा राहिला, आणि घरी येताना दीपाला शेजारणीकडून घेऊन आला. रडला नाही. तिथल्या मराठी मंडळातले लोक म्हणाले, विनय भलता खंबीर. लोकांना काय, माणूस रडला तर खचला म्हणतात, नाही रडला तर खंबीर म्हणतात. त्याच्या आत काय चाललंय हे विचारायला कुणी थांबत नाही. खरं सांगायचं तर आत काहीच चाललेलं नव्हतं. दाढेत इंजेक्शन दिल्यावर आपलाच गाल आपला वाटत नाही, तसं त्याला सगळ्या अंगभर झालं होतं.

जानेवारीत लतिकाताईचं पत्र आलं. विनयची थोरली बहीण, नागपूरला शाळेत शिक्षिका, स्वतःला मूलबाळ नाही. तिनं लिहिलं होतं, "विनू, बाईमाणसाशिवाय मुलगी वाढवणं तुझ्यानं होणार नाही. दीपाला माझ्याकडे पाठव. दहावीपर्यंत मी बघते, पुढचं पुढं." विनयनं पत्र दोनदा वाचलं आणि हो असं उत्तर लिहिलं. मग सगळं आपोआप जुळत गेलं. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्येच, विनयच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे जगन्नाथ आणि प्रतिमावहिनी मार्चमध्ये पुतणीच्या लग्नाला नागपूरलाच निघाले होते. दीपाला ते सोबत नेणार होते. दहा मार्च, रविवार. तिकीट आलं, व्हिसा आला, देवीची लस टोचायची का नाही यावर प्रतिमावहिनींनी तीन फोन केले. अडलं होतं ते फक्त केकवर.

आता वेल्श केक म्हणजे काय ते सांगायला हवं. केक नावालाच. त्याला ना क्रीम, ना मेणबत्ती, ना ओव्हन. मैदा, लोणी, साखर, अंडं, चिमूटभर जायफळ आणि बारीक काळ्या मनुका एकत्र करायच्या, जाडसर लाटून गोल पाडायचे आणि चक्क तव्यावर भाजायचे. नानकटाई आणि दशमी यांची चुलतबहीण शोभेल असं हे प्रकरण. भाजायला बेथननं तिच्या आजीचा जाडजूड लोखंडी तवा वेल्सहून आणला होता, बोटीनं, कपड्यांत गुंडाळून. ती त्याला बेकस्टोन म्हणायची. विनय तवाच म्हणायचा, आणि दर रविवारी त्याच्यावर पोळ्या करायचा. शनिवारी केक, रविवारी पोळ्या. नऊ वर्षं हे चाललं.

पण बेथननं कृती कधी लिहून ठेवली नव्हती. तिच्या आईनं नव्हती लिहिली, आजीनं नव्हती लिहिली. स्टुलावर उभं राहून आईच्या हाताकडे बघत शिकायचं, एवढीच त्या घराण्याची शाळा. दीपा तीन वर्षांची झाल्यापासून त्या स्टुलावर उभी राहत आली होती. विनय त्या वेळात गराज आवरायचा. त्यामुळे साऱ्या अमेरिकेत ही कृती आता एकाच डोक्यात उरली होती, आणि त्या डोक्याचे पुढचे दोन दात पडलेले होते.

दीपा बोलायची ती सगळी इंग्रजीत. बापाचं मराठी तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. ते सगळं जसंच्या तसं इथं उतरवलं तर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल, म्हणून बरंचसं मराठीतच सांगतो.

पहिल्या शनिवारी विनयनं पिठाचा सत्यानाश केला. त्यात दोष म्हणावा तर त्याच्या संस्कारांचा होता. विद्यार्थी असताना चौघांच्या खोलीत पोळ्या करायचं काम त्याच्याकडे होतं, आणि आईनं नागपूरहून पत्रात लिहून पाठवलं होतं की कणीक जितकी मळशील तितकी पोळी मऊ. तेरा वर्षं तो त्या वाक्याला जागला होता. दीपानं सांगितलं तसा त्यानं मैदा घेतला, लोणी घातलं, अंडं फोडलं, आणि मग बाह्या सरसावून जे तिंबायला लागला ते दहा मिनिटं थांबला नाही. गोळा उचलून आपटला, मुठी रोवल्या, पुन्हा आपटला. दीपा स्टुलावरून डोळे मोठे करून बघत होती.

"डॅडी, यू आर हर्टिंग इट," ती म्हणाली.

"अगं, असंच मळायचं असतं. मऊ होतं."

"मम्मी नाही असं करायची."

"मम्मीला पोळ्या यायच्या का?"

हे मात्र खरं होतं. बेथनला जन्मात पोळी आली नाही. त्यानं गोळ्यावर ओलं फडकं टाकलं आणि अर्धा तास मुरायला ठेवला. भाजल्यावर जे निघालं ते बुटाच्या तळाला लावावं असं होतं. दीपानं एक घास चावला, बराच वेळ चावला, आणि तोंडातून काढून बशीच्या कडेला ठेवला. "नो," ती म्हणाली. विनयनं लॅबमधली वही घरी आणली होती. तीत त्यानं 'ट्रायल १' असं लिहून पुढं 'नापास' लिहिलं. बाकीचे अकरा कचऱ्यात गेले. त्याला वाईट वाटलं नाही.

दुसऱ्या शनिवारी त्यानं कमी मळलं, पण तवा पोळीला तापवतात तसा धुरावेपर्यंत तापवला. केक बाहेरून काळे झाले, आतून कच्चे राहिले. धूर इतका झाला की छताला लावलेला अलार्म केकाटायला लागला आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ घाबरून दारात येऊन उभे राहिले. तिसऱ्या शनिवारी लोणी जास्त झालं. तिकडे लोणी कागदात गुंडाळलेल्या कांड्यांत मिळतं. एक कांडी, असं दीपानं सांगितलं होतं, आणि त्यानं पूर्ण कांडी घातली. केक तव्यावर पसरून एकमेकांना चिकटले. दीपा बराच वेळ विचार करत बसली आणि मग तिला आठवलं की कांडीच्या टोकाचा तुकडा मम्मी नेहमी तिला चाटायला द्यायची. हे असलं प्रमाण कुठल्या वहीत लिहायचं? त्यानं तरीही लिहिलं. 'एक कांडी, वजा दीपाचा तुकडा.'

प्रतिमावहिनींचा बुधवारी फोन आला.

"विनय, पॅकिंग झालं का रे तिचं?"

"नाही वहिनी. केक व्हायचेत अजून."

"अरे, तू पण काय! पोरीनं डोक्यात काहीतरी घेतलंय आणि तू सीरियसली घेतोस. चॉकलेट दे, बार्बी दे, आणि एअरपोर्टवर आण. एकदा सीटबेल्ट लावला की रडून रडून झोपेल. आमच्या नंदूला नाही का तसाच नेला होता? दोन दिवसांत विसरला."

"हो," विनय म्हणाला.

"आणि तू जेवतोस का नीट? परवा मंडळात बघितलं, शर्ट नुसता लोंबतोय अंगावर. मी कढी-खिचडी पाठवते."

"हो," विनय म्हणाला.

खिचडी आली. त्यानं ती दीपाला वाढली आणि स्वतः सिंकपाशी उभ्या उभ्या कोरडा ब्रेड खाल्ला. ऑक्टोबरपासून त्याचं जेवण हे असंच चाललं होतं. चव लागत नव्हती, मग ताट मांडून बसायचं कशाला? पट्ट्याला त्यानं खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती. दीपा टेबलाशी बसून खिचडी खाता खाता त्याच्याकडे बघत राहायची. बाप आपल्याला जेवताना बघतो असं नेहमी असतं. इथं उलट होतं, आणि विनयच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

फोननंतर एक गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात बसली. दीपा मुद्दाम नापास करत असणार. कशी नाही करणार? केक जमले की जायचं, तर ती कशाला जमले म्हणेल? देवानं केले तरी ही नो म्हणणार. आपण इंजिनिअर असून एवढं साधं कसं कळलं नाही, असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं ठरवून टाकलं. शनिवारी शेवटचे केक करायचे. ती नो म्हणेल. मग रविवारी तिला उचलून गाडीत बसवायची, वहिनी म्हणतात तशी. ती ओरडेल, लाथा झाडेल, हात मिळवला होतास म्हणेल. म्हणू दे. हे सगळं त्यानं गाडी चालवत असताना ठरवलं, सिग्नलला थांबला, हिरवा झाल्यावर निघाला. पोटच्या पोरीला दिलेला शब्द मोडायचं ठरवताना माणसाला काहीतरी वाटायला हवं. वाटलं नाही.

नऊ मार्चचा शनिवार. बाहेर अंगणातला बर्फ कडेनं काळा पडून वितळत होता. सकाळी दहाला दीपा पायजम्यातच खाली आली, स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि म्हणाली, "आज मला आठवलं."

"काय आठवलं?"

"हात. मम्मीचे हात गार असायचे. आधी ती ते नळाखाली धरायची. मग माझ्या गालाला लावायची, मी ओरडायचे, मग पीठ."

"बरं."

"तू पण धर."

विनयनं थंड पाण्याचा नळ सोडला. मिशिगनचं मार्चमधलं पाणी म्हणजे वितळलेला बर्फच. एका मिनिटात बोटं दुखायला लागली. दीपानं वाकून त्याच्या बोटाला हात लावून पाहिला. "अजून नाही," ती म्हणाली. आणखी एक मिनिट गेलं. दुखणं थांबलं आणि बोटं आहेत की नाहीत तेच कळेना. तिनं पुन्हा हात लावला. "आता."

"आता गालाला लावू?"

"नको," दीपा म्हणाली. "ते मम्मीचं."

त्यानं हात पुसले. बेथनचा नेहमीचा पिवळा कप भरून मैदा, दोनदा. लोण्याची कांडी, टोकाचा तुकडा दीपाला. तिनं तो चाटत चाटत हुकूम सोडले. लोणी फक्त बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं. तळवा लावायचा नाही. वर उचलायचं आणि खाली पडू द्यायचं. बोटांत जीवच नसल्यामुळे त्याला जोर लावताच आला नाही. थोड्या वेळानं परातीत रव्यासारखं काहीतरी झालं. तिनं आत डोकावून पाहिलं आणि साखर घालायला सांगितली. मग मनुका, मग जायफळ. जायफळ किती? "तू शिंकेपर्यंत नाही, त्याच्या आधी थांबायचं." मग अंडं. अंडं घातल्यावर त्याच्या मुठी आपोआप वळल्या. तेरा वर्षांची सवय ती. दीपानं पटकन त्याच्या मनगटाला धरलं.

"नुसतं एकत्र आण. मिठी मारल्यासारखं. पण घट्ट नाही."

त्यानं तसं केलं. गोळा झाला, ओबडधोबड, कडेला चिरलेला. नागपूरला असला गोळा पाहून आईनं कपाळावर हात मारला असता. फडकं टाकून मुरवायचा का, असं त्यानं विचारलं, तर दीपानं ठामपणे मान हलवली. अर्ध्या बोटाएवढा जाड लाटला. ज्यूसच्या ग्लासानं गोल पाडले, चौदा झाले. लोण्याच्या कांडीचा चिकट कागद दीपानं जपून ठेवला होता, तो तिनं त्याला दिला. तव्यावरून तो कागद एकदा फिरवायचा, एवढंच तेल. आच मंद. इतकी मंद की काही होतंय असं वाटूच नये.

"कधी उलटायचे?"

"वरची चमक गेली की."

विनय तव्याकडे बघत उभा राहिला. दीपा स्टुलावर त्याच्या कोपराला टेकून उभी होती. तिच्या अंगाला झोपेचा आणि लोण्याचा वास येत होता. उद्या या वेळी ती न्यूयॉर्कच्या वाटेवर असेल, असं त्यानं मनात म्हणून पाहिलं. मग पुन्हा म्हणून पाहिलं. खिडकीबाहेर कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. केकवरची चमक हळूहळू कडेपासून मध्याकडे कमी होत गेली, आणि पूर्ण गेली तेव्हा त्यानं ते एकेक उलटले. खालून सगळे सारखे तपकिरी होते.

तव्यावरून काढल्या काढल्या साखर भुरभुरवली. दीपा टेबलाशी जाऊन बसली. त्यानं तिच्यापुढं बशीत एक ठेवला. तिनं फुंकर घातली, दोन्ही हातांनी धरला आणि पडलेल्या दातांच्या बाजूनं वाकडा करून चावला.

विनयनंही एक खाल्ला. गरम होता, एवढं कळलं. बरा की वाईट हे त्याला सांगता आलं नसतं. तो दीपाच्या तोंडाकडे बघत राहिला. आता ती नो म्हणणार, मग आपण वहीत नापास लिहिणार, मग उद्या उचलून गाडीत बसवणार. त्याची सगळी तयारी होती.

दीपा चावायची थांबली. तिनं हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे पाहिलं. मग पुन्हा एक घास घेतला, डोळे मिटून. तिच्या गालावर साखर लागली होती. खूप वेळानं तिनं डोळे उघडले.

"येस," ती म्हणाली.

"काय?"

"हेच आहेत. इट्स मम्मीज."

"नक्की?" विनयनं विचारलं. "दीपा, नीट बघ. नक्की हेच?"

"हो. नक्की."

ती रडली नाही. समोरची बशी तिनं नीट सिंकमध्ये नेऊन ठेवली, हात पायजम्याला पुसले आणि जिना चढून वर गेली. विनय तिथंच उभा राहिला. ती खोटं बोलू शकली असती. फक्त नो म्हणायचं होतं, एक शब्द. एवढासा शब्द बोलून तिला घरी राहता आलं असतं आणि बापाला कधी कळलंही नसतं. आणि बाप स्वतः, पाच मिनिटांपूर्वीपर्यंत, तिला दिलेला शब्द मोडायला निघाला होता. विनयला लाज वाटली. बऱ्याच महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि ती लाज निघाली.

वरून कप्पे उघडल्याचे, आपटल्याचे आवाज येत होते. मग धडधड असा आवाज जिन्यावरून खाली यायला लागला. तो बाहेर आला. दीपा तिच्या बालवाडीच्या लाल बॅगेला पायरीपायरीनं ओढत आणत होती. पायजम्यावरच तिनं कोट घातला होता, बटणं एक घर चुकलेली, आणि बूट उलटे, डावा उजव्यात. दाराशी येऊन ती शेवटच्या पायरीवर बसली.

"मी रेडी आहे," ती म्हणाली.

"अगं, उद्या आहे जायचं. आज नाही."

"माहितेय. पण आता मला जाता येईल."

"आता म्हणजे?"

"आता तुला केक येतात ना?"

"येतात," विनय म्हणाला.

"एकट्याला येतील? मी नसताना? हात गार करायचे लक्षात राहील?"

"राहील. मी वहीत लिहीन."

"आणि खाशील ना? उभं राहून नाही. बसून."

विनय तिच्या समोर जमिनीवर उकिडवा बसला. "दीपा, तुला केक हवे होते म्हणून आपण करत होतो ना?"

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की एवढ्या मोठ्या माणसाला एवढीशी गोष्ट कशी कळत नाही.

"मला नाही. तुला. मम्मी हॉस्पिटलला जाताना म्हणाली होती, मी नसले तर तुझा डॅडी उपाशी मरेल. आणि तू खरंच खात नाहीस. मी रोज बघते." ती बोटानं कोटाचं चुकलेलं बटण फिरवत होती. "लतिकाआत्याकडे गेले तर बघायला कुणी नाही. मग तू पण मरशील. आणि मग सुटीत मी परत कुणाकडे येऊ?"

बेथन असलं काहीतरी नेहमीच म्हणायची. कामाला जाताना, बाजारात जाताना, हसत हसत, विनयच्या पोटाला बोट टोचून. तो विनोद होता. घरात सगळ्यांना माहीत होतं की तो विनोद आहे. पण तो शेवटचा करून ती हॉस्पिटलात गेली आणि परत आली नाही, आणि मागं राहिलेल्या पोरीनं तो पाच महिने छातीशी धरून ठेवला. चार शनिवार बापाला स्टुलावर उभं राहून शिकवलं, जळकं कच्चं तोंडात घालून खरं ते सांगितलं, आणि बाप वाचेल याची खात्री झाल्यावर उलटे बूट घालून निघायला तयार झाली. अट तिनं राहण्यासाठी घातलीच नव्हती.

विनयनं तिच्या बुटांना हात घातला. आधी डावा काढला, मग उजवा.

"चुकीचे घातले का मी?"

"हो. पण ते राहू दे. तू कुठं जात नाहीयेस."

"पण आपण शेकहँड केला होता. मला जावं लागेल. केक बरोबर झाले."

"केक बरोबर झाले. माझंच चुकलं," विनय म्हणाला. "करता येतात मला. एकट्याला खाता यायचे नाहीत."

दीपानं यावर विचार केला. तिला हे अटीत बसतं की नाही ते ठरवायचं होतं.

"मग लतिकाआत्या रडेल?"

"रडेल थोडी. मी तिला लिहितो. तिला म्हणतो, तूच ये इकडे उन्हाळ्यात."

"आणि जगन्नाथकाका चिडतील?"

"चिडू दे."

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या फोनपाशी गेला. नंबर फिरवला. तिकडून प्रतिमावहिनींचा घाईतला आवाज आला. मागं कुणीतरी बॅगा वजनाच्या काट्यावर ठेवत होतं.

"विनय? बोल रे लवकर, इथं नुसता गोंधळ आहे. दीपाची बॅग किती पाउंड झाली?"

"वहिनी," विनय म्हणाला. "दीपा येत नाहीये."

"म्हणजे? अरे, कॅन्सल केलंस? एक दिवस आधी? बरं वाटत नाहीये का तिला?"

"बरी आहे ती. वहिनी, बेथन..." एवढंच तो म्हणाला. ऑक्टोबरपासून ते नाव त्याच्या तोंडून बाहेर आलंच नव्हतं. ते बाहेर आलं आणि त्याच्यामागून जे काही अडलेलं होतं ते सगळं यायला लागलं. त्यानं भिंतीला कपाळ टेकलं. आधी आवाज फुटला नाही, मग एकदम फुटला, इतका मोठा की त्याचं त्यालाच नवल वाटलं. खांदे हलत होते, रिसीव्हर हातातून सुटून वायरला लोंबत होता, आणि त्यातून प्रतिमावहिनी "हॅलो, विनय? हॅलो? अरे काय झालं?" असं ओरडत होत्या.

दीपा मोजे घातलेल्या पायांनी आली. थोडा वेळ बापाकडे बघत उभी राहिली. मग तिनं हात उंचावून लोंबणारा रिसीव्हर पकडला आणि कानाला लावला.

"काकू, डॅडी इज क्रायिंग," ती म्हणाली. "ही विल कॉल यू बॅक."

आणि खुर्ची ओढून, तिच्यावर चढून, तिनं फोन जागेवर ठेवला.